संधी आली तेव्हा फाईल कुठं होती?

शनिवारची दुपार, चार वाजले असतील. २०२१ ची दिवाळी होऊन गेली होती. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप, तेव्हा दोन लेथ आणि एक वेल्डिंग सेट एवढाच पसारा, पोरं आठवड्याचा पगार घेऊन गेलेली आणि मी एकटाच मशीनखालचा बुरा झाडत होतो. फोन वाजला. पुण्याकडच्या एका कंपनीचा परचेसवाला. "तुमचं नाव अमक्यांनी दिलंय, बुशचं ड्रॉइंग व्हॉट्सअॅपला टाकलंय, महिन्याला दोन हजार पीस लागतील, रेट संध्याकाळपर्यंत कळवा आणि जीएसटी नंबर, उद्यमचं सर्टिफिकेट, कॅन्सल चेक पाठवून द्या."

मी काय म्हणालो असेन? "सोमवारी सांगतो साहेब."

सोमवारी अकराला फोन केला तर साहेब म्हणाले, दिलं की ते शिरोलीतल्या एकाला. झालं. चिडायचं कुणावर? त्यांना शनिवारी पाहिजे होतं, शिरोलीवाल्यानं शनिवारी दिलं. उलाढाल वीस लाखाच्या आत म्हणून मी जीएसटी काढलाच नव्हता, उद्यम म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी एवढं एजंटकडून ऐकून माहीत होतं, आणि एका बुशला (शाफ्टवर बसणारी छोटी नळी) आपल्याला खर्च किती येतो हे दोन लेथ चालवूनही मला तोंडावर सांगता येत नव्हतं. धाडस होतं की माझ्यात, पण धाडसाला कुणी विचारलंच नाही, सगळे कागद आणि रेट विचारत होते.

तेव्हापासून मी जे काही करत आलो ते इथं क्रमानं लिहितोय. दुकानदार, शेतकरी, भरतीची तयारी करणारी पोरं, कंपनीत आठ तास करणारे, सगळ्यांना थोडंथोडं लागू पडेल असं वाटतंय. काही गोष्टी लांबड लावून सांगणार आहे कारण माणूस तिथंच मार खातोय.

पहिलं काम: खिशात वही ठेवा आणि लोकांच्या तक्रारी लिहा

दहा रुपयाची वही चालते. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण मोबाईल उघडला की माणूस रीलकडं जातोय, म्हणून वहीच बरी. दोन महिने रोज कानावर पडलेली एक तरी तक्रार लिहायची, कोण म्हणालं आणि कुठं म्हणालं ते पण. "अमुक मिळंना", "तमुक दुरुस्त करणारा वेळेवर येईना", "ह्यासाठी कोल्हापूरला जावं लागतंय". तीच तक्रार तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून आली की तिच्याभोवती गोल करा. माझ्या हिशोबात संधी ओळखणं म्हणजे एवढंच, बाकी फार काही नजर-बिजर लागत नाही.

माझं उदाहरण सांगतो. तासगाव, कवठेमहांकाळ, जत पट्ट्यात बेदाण्याची शेड तुम्ही बघितली असतील, माळावर उघड्यावर, जाळ्यांचे मजले एकावर एक आणि वरून-बाजूनं शेडनेट. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून ह्या जाळ्यांवर पसरतात, साधारण दोन-अडीच आठवड्यात वाळतात, चार किलो द्राक्षाला एक किलोच्या आसपास बेदाणा पडतोय. आता सीझनमध्ये आभाळ आलं की काय होतं, खायच्या द्राक्षाचा व्यापारी पाय मागं घेतो आणि सगळेच एकदम बेदाण्याकडं वळतात, आणि रॅक पुरत नाहीत. "रॅक मिळंना झालीय" हे वाक्य माझ्या वहीत एका मार्चमध्ये चार वेळा आलं. एकदा सलूनमध्ये, एकदा लग्नात, दोनदा मेव्हण्याच्या तोंडून.

पुढच्या डिसेंबरात मी अँगल आणि तार-जाळी आधीच भरून ठेवली, दोन साईजचे सांगाडे कापून ठेवले, फक्त जोडायचं बाकी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ढग आले आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. पुढच्या बारा दिवसात जेवढं काम झालं तेवढं आधी दोन महिन्यात होत नव्हतं. ढगांचा मला कुणी मेसेज केला नव्हता, वही होती एवढंच.

आणि हे आपल्याकडं काय नवीन नाही. मिरजेची सतार आणि तानपुरा, ज्यांना २०२४ ला जीआय मिळाला, ते बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी, धार लावणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम आटलं, त्याच वेळी मिरजेत गाणं-बजावणं वाढत होतं आणि वाद्य दुरुस्त करून देणारा पाहिजे होता. बारीक कामाचा हात त्यांच्याकडं आधीच होता, तो त्यांनी भोपळ्यावर आणि लाकडावर चालवला. कधी मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत पंधरा मिनिटं उभं राहून बघा, सूर खुलवायला तारेखालचा जव्हारीचा दोरा कसा सरकवतात ते.

दुसरं काम: तुमचं नाव कुणाच्या तोंडून जाणार ते ठरवा

विटा-खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला हे शिकवायची गरजच नाही. दुष्काळी भाग, शेतीवर भागत नव्हतं, म्हणून तिकडची माणसं गलाईला बाहेर पडली, जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, आणि आज भारतातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात गेलात तर विट्याकडचा माणूस भेटतोय. ही संधी पेपरात जाहिरात येऊन मिळालेली नव्हती. चुलत्यानं पुतण्याला नेलं, पुतण्यानं मेव्हण्याला. तिकडून निरोप यायचा की एक माणूस पाहिजे, सोमवारच्या गाडीनं लावून द्या. आता जो सोमवारी निघू शकत होता तो गेला, आणि जो म्हणाला "जरा सुगी होऊ दे" तो बहुतेक अजून सुगीच करतोय.

म्हणून बसून वीस नावं लिहा. आपलं काम ज्यांनी डोळ्यानं बघितलंय अशी माणसं, नुसती ओळखीची नव्हेत. जुना मालक, कॉलेजचे सर, बँकेतला क्लार्क, ट्रान्सपोर्टवाला, सीएच्या ऑफिसातला पोरगा. ह्यातल्या प्रत्येकाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की तुम्ही काय करता. "काहीबाही फॅब्रिकेशन करतो" हे वाक्य नव्हे. "बेदाणा रॅक चार दिवसात उभी करून देतो" हे वाक्य आहे, ते सांगणाऱ्याच्या पण लक्षात राहतंय. आणि तीन-चार महिन्यातून एकदा काम नसताना फोन करा. काम असतानाच फोन करणारा माणूस कुणाला आवडत नाही, मला पण आवडत नाही.

तिसरं काम: फाईल

इथं जरा थांबून वाचा, कारण माझ्या बघण्यात निम्म्याच्या वर लोकांचा घास इथंच हातातनं गेलाय.

सगळ्यात आधी नाव. आधार, पॅन, बँक पासबुक, दहावीचं सर्टिफिकेट, सातबारा, हे पाच कागद टेबलावर एका ओळीत मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा, मराठीतलं आणि इंग्रजीतलं दोन्ही. वडिलांचं नाव एकीकडं पूर्ण, दुसरीकडं नुसतं अक्षर, तिसरीकडं "राव" लावलेलं, आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. जन्मतारीख पण. फरक सापडला तर आत्ता दुरुस्त करा, निवांत असताना. अर्जाची शेवटची तारीख परवा असताना आधार केंद्रावरची रांग बघून माणसाला रडू येतंय.

शेतकऱ्यांसाठी सातबारा आणि आठ-अ, आणि त्याहून महत्त्वाची वारस नोंद. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली तरी उताऱ्यावर तेच आहेत अशी घरं आमच्या गावात किती दाखवू? म्हैसाळ, टेंभू उपसा योजनांचं पाणी आलं, लोकांना ठिबक करायचं होतं, बाग लावायची होती, अनुदानाचा अर्ज भरायला बसले तर उताऱ्यावर नावच नाही. पाणी आलं, पण ह्यांचा फेरफार आला नाही. शिवाय ई-पीक पाहणी दर हंगामाला स्वतः मोबाईलवरून करा आणि शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा.

धंदेवाल्यांसाठी उद्यम नोंदणी, जी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि ऑनलाईन फुकट होते, आधार आणि पॅन लागतंय, अर्ध्या तासाचं काम. ह्याचे दोन-दोन हजार घेणारे लोक आहेत, देऊ नका. (मी दिलेत. म्हणून सांगतोय.) जीएसटी मालाच्या धंद्याला ४० लाख आणि सर्व्हिसला २० लाख उलाढालीपर्यंत आपल्याकडं साधारणपणे सक्तीची नाही, पण कंपनीला माल द्यायचा असेल तर नंबर लागतोच, त्यामुळं सीएला विचारून स्वतःहून घ्यायची का ते ठरवा, घेतली की दर वेळी रिटर्न भरावं लागतंय हे पण धरून. करंट खातं वेगळं. आणि तीन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न, टॅक्स बसत नसला तरी भरलेलं, कारण बँकवाला कर्जाच्या वेळी तोंडाकडं बघत नाही, रिटर्न बघतोय.

भरतीवाल्या पोरांसाठी डोमिसाईल, जातीचा दाखला, लागत असेल तर व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर. माझ्या मेव्हण्याचा पोरगा पोलीस भरतीसाठी दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून पळत होता, १६०० मीटरचं टायमिंग एकदम चांगलं आणलेलं. कागद तपासणीच्या दिवशी नॉन-क्रिमिलेअर काढलं तर त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. चूक कुणाची नव्हती, त्याचीच होती, तारखेकडं बघायचं राहिलं. पोरगं घरी आलं, बूट काढले, आणि दोन दिवस कुणाशी बोललं नाही. दाखल्यांच्या मुदतीच्या तारखा मोबाईलच्या कॅलेंडरला टाका, संपायच्या दोन महिने आधीची सूचना लावून. सेतूत दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर तर विचारू नका.

फाईल ठेवायची कुठं हा प्रश्न सांगलीकराला वेगळा पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या, कुपवाडात नातेवाईक असलेल्या लोकांनी माणसं आणि गुरं बाहेर काढली, कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिले. २०२१ ला परत तेच. त्यामुळं मूळ कागद झिपवाल्या प्लास्टिक फोल्डरमध्ये, माळ्यावर, आणि सगळ्याचं स्वच्छ स्कॅन मोबाईलमध्ये एका फोल्डरला, एकेक पीडीएफ, नाव देऊन. आधार, गाडीचं लायसन, मार्कशीट असलं डिजिलॉकरला घ्या. फोटो काढताना टेबलावरचा चहाचा कप आणि स्वतःचा अंगठा त्यात येऊ देऊ नका, एवढी विनंती.

चौथं काम: रेटचं एक पान

ज्याला विकायचंय त्याला आपला खर्च पाठ पाहिजे. माझं पान असं आहे. मशीन आणि ऑपरेटर मिळून तासाला ३०० रुपये. एका पीसला ८ मिनिटं लागतात, म्हणजे ४० रुपये. टूल आणि कूलंटचे ४, पॅकिंग-भाड्याचे २, खराब जाणारे धरून २. झाले ४८. त्यावर पंधरा टक्के नफा म्हणजे सात रुपये आणि वर थोडं, मग ५५ म्हणायचं आणि ५२ च्या खाली यायचं नाही. माल त्यांचा. तुमच्या धंद्यात आकडे वेगळे असतील, डबे करणाऱ्या ताईंना गॅस आणि भाजीचा रेट, ट्रॅक्टरवाल्याला डिझेल आणि तास, पण पान एकच. दर महिन्याच्या एक तारखेला आकडे बदला, पान भिंतीवर लावा.

खालची मर्यादा आधीच लिहून ठेवायची हे मुद्दाम सांगतो, कारण समोरून ऑर्डर दिसली की माणूस उतावळा होतो आणि तोट्यात "हो" म्हणून बसतो. मी एकदा बसलोय, सहा महिने फुकट राबलो, लाईट बिल तेवढं निघालं.

पाचवं काम: हाताशी पैसा

तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला, त्याला हात लावायचा नाही. त्याशिवाय वेगळे थोडे पैसे "उचल" म्हणून, कच्चा माल, प्रवास, फी ह्यासाठी. भिशीतून झाले तरी चालतील, पण ओळखीच्या माणसांची छोटी भिशी.

सरकारी योजना आहेत, पण त्या कशा चालतात हे समजून जा. पीएमईजीपी ह्या केंद्राच्या रोजगार योजनेत कारखानदारीला ५० लाखापर्यंतचा आणि सेवा धंद्याला २० लाखापर्यंतचा प्रकल्प बसतो, सबसिडी १५ ते ३५ टक्के, गट आणि गाव-शहर बघून. पण स्वतःचे १० टक्के, काही गटांना ५ टक्के, आधी घालावे लागतात, आणि सबसिडी हातात येत नाही, ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते. त्यामुळं "सबसिडी मिळाली की त्यातनं मशीन घेऊ" असं जे म्हणतात त्यांनी जरा बसून घ्यावं. बेदाणा, मसाला, गूळ असलं काही करत असाल तर सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. मुद्रा कर्ज शिशू ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, तरुण १० लाखापर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखापर्यंत. अर्ज करायच्या दिवशी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेत विचारून घ्या, हे आकडे बदलत असतात. आणि सबसिडीसाठी धंदा काढू नका. धंदा असेल तर सबसिडी घ्या.

सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा स्कोअर, वर्षातून एकदा फुकट बघता येतो, बघा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतोय. आणि जामीन राहताना दहा वेळा विचार करा. पाहुण्याच्या कर्जाला सही केली, पाहुण्यानं हप्ते थकवले, तर ते तुमच्या रिपोर्टला पण येतंय. मग पाहुणा दुखावला तरी चालेल का? चालेल. पाहुणे परत गोड होतात.

सहावं काम: संधी नसलेली संधी ओळखा

तयारीतल्या माणसाचा एक धोका असतो, त्याला सगळीकडं संधीच दिसायला लागते. २०१९ ला आपल्या जिल्ह्यात तेव्हाच्या इस्लामपूर भागातून कडकनाथ कोंबडीपालनाचा घोटाळा उघडकीला आला, हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्याआधी इमू पक्ष्यांचं तसंच झालं होतं. दोन्हीचा सांगाडा एकच, पिल्लं कंपनीवालाच विकणार, खाद्य तोच देणार आणि अंडी-पक्षी पण तोच परत घेणार, भाव त्यानंच सांगितलेला. बाजारात त्याच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक आहे का, हा एक प्रश्न विचारला असता तरी बरेच जण वाचले असते. मी आता कुठलीही गोष्ट आली की चार प्रश्न विचारतो: माझ्याकडून हे घेणारे किमान तीन वेगवेगळे लोक कोण? पैसे किती दिवसांनी येणार? सगळं बुडालं तर किती जातील आणि ते गेल्यावर घर चालेल का? छोटं करून बघता येतंय का, म्हणजे दोन हजाराऐवजी शंभर पीस? "आजच्या आज पैसे भरा" म्हणणारा असेल तर प्रश्नसुद्धा विचारत नाही, चहा पाजून वाटेला लावतो. रेट आजच्या आज मागणं वेगळं आणि पैसे आजच्या आज मागणं वेगळं, ह्यात गल्लत करू नका.

नोकरीवाल्यांसाठी थोडं

आपल्या वरच्या जागेचं काम शिकून ठेवा, कुणी सांगायच्या आधी. माझ्याकडं आता एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन आहे, कर्जावर घेतलेलं. त्यावरचा सेटर पुण्याला चांगल्या पगारावर गेला, आठ दिवसांची नोटीस देऊन. मी हवालदिल. तर बेडगचा एक पोरगा, लेथवर हेल्पर, येऊन म्हणाला, "दादा, मी लावू का सेटिंग?" मला वाटलं चेष्टा करतोय. तो सहा महिने शिफ्ट सुटल्यावर त्या सेटरजवळ थांबून बघत होता, वहीत ऑफसेट (टूलची मापं) कसे घालायचे ते चित्रं काढून लिहिलेलं, पेन्सिलनं, आणि चुकलेल्या ठिकाणी लाल खुणा. पहिला पीस काढला त्यानं, मी मायक्रोमीटर लावला, दोनदा लावला. पगार त्याच महिन्यात वाढवला, वाढवावाच लागला, नाहीतर तो पण पुण्याला गेला असता.

गेल्या महिन्यात परत शनिवार, परत संध्याकाळ, दुसऱ्याच एका परचेसवाल्याचा फोन. मी एका लग्नात पंगतीला बसलेलो, पानात जिलेबी. ड्रॉइंग त्या बेडगच्या पोराला पाठवलं, त्यानं भिंतीवरच्या पानावरून रेट काढून मला पाठवला, मी डाव्या हातानं मोबाईलमधल्या फोल्डरमधून चार पीडीएफ आणि रेट पुढं ढकलले. मठ्ठा यायच्या आत उत्तर आलं, "शंभर पीस सॅम्पल पाठवा." ते गेलेत, पास व्हायचेत अजून. तोपर्यंत जाळीचा भाव वाढलाय, एक तारीख पण आली, पान नव्यानं लिहायला बसतोय.